बिनटाक्याचं मीठ

पारनेरच्या पेठेत चांदभाईंचं गादीचं दुकान आहे आणि त्याच्यामागेच घर. त्या दुकानात बसून कुणी काहीही बोलावं, सरकारला शिव्या द्याव्यात, पावसाला नावं ठेवावीत, चांदभाई मान डोलावत सगळं ऐकून घेतील. फक्त त्यांच्या टाक्याला नाव ठेवू नये. एकदा सुप्याच्या एका गिऱ्हाइकाने लग्नातली गादी परत आणली आणि मधला टाका सैल वाटतो म्हणाला. चांदभाईंनी काही न बोलता दाभण घेतलं, सगळी गादी उसवली, पुन्हा भरली, पुन्हा शिवली, आणि त्या माणसाशी पुढे कधी धड बोलले नाहीत. टाका खरोखरच सैल होता, ही गोष्ट अलाहिदा.

त्यांचं सगळं शहाणपण दोऱ्याचं होतं. कापूस म्हणजे फुंकर मारली तर उडून जाणारी वस्तू, त्याची गादी होते ती टाक्यामुळे. जगात जे काही एकत्र राहतं ते कुणीतरी शिवलेलं असतं, असं ते बोलून दाखवत नसत, पण वागत मात्र तसंच. त्यांची बायको सकीना म्हणायची की यांचं चाललं असतं तर यांनी डोंगरालासुद्धा दोन टाके मारून ठेवले असते.

या दोघांची एकुलती एक मुलगी नाझनीन. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. उजेड आणि अंधार एवढं कळायचं, बाकीचं जग तिने कानांनी आणि बोटांनी ओळखीचं करून घेतलं होतं. चांदभाईंनी आधी दवाखाने केले, दर्गे केले, मन्नती मागितल्या, आणि मग एक दिवस ते सगळं बंद करून पोरीला शाळेत घातलं. पोरगी तल्लख निघाली. ब्रेल शिकली, दहावीला वर्गातल्या भल्याभल्यांना मागे टाकलं. लहानपणापासून तिला एकच खोड, हातात आलेली वस्तू कशाची आहे हे कळल्याशिवाय ती खाली ठेवत नसे. साबण कशाचा, राख कशाची, तुरटी कशाची, विचारून विचारून सकीनाचं डोकं उठवायची. त्यामुळे निकालानंतर तिने सायन्स घ्यायचं म्हटल्यावर घरात कुणाला नवल वाटलं नाही. नवल बाहेरच्यांना वाटलं.

कॉलेजने तिला घेतलं, पण जरा हातचं राखूनच. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या पंकजा मॅडम माणूस म्हणून वाईट नव्हत्या. मुलीला नाही म्हणायचं त्यांच्या जिवावर येत होतं आणि हो म्हणायला जीभ रेटत नव्हती. शेवटी त्यांनी चांदभाईंना बोलावून सरळ सांगितलं. रासायनिक बंधांचा धडा होऊ द्या. पुढची दोन वर्षं त्याच धड्यावर उभी आहेत. तो हिला पेलला तर मी प्राचार्यांकडे हिची बाजू मांडेन, नाही पेलला तर दिवाळीच्या आत आर्ट्सला बदलून घ्या, निदान वर्ष तरी वाया जाणार नाही. तोंडी परीक्षा घेईन, सगळ्यांसारखीच, सगळ्यांसमोर.

धडा सुरू झाला आणि नाझनीन घरी येऊन गप्प बसू लागली. संध्याकाळी दुकानातल्या गाद्यांच्या थप्पीवर पाय सोडून बसायची आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची. चांदभाईंनी खनपटीला बसून विचारलं तेव्हा तिने सांगितलं की मॅडम फळ्यावर ठिपके काढतात. अणूभोवती त्याचे इलेक्ट्रॉन असतात, ते ठिपक्यांनी दाखवायचे. तिला खडूची टकटक ऐकू येते. टकटक मोजून एवढं समजतं की ऑक्सिजनभोवती ठिपके पुरे झाले. पण कुठला ठिपका कुणाचा, कुठला दोघांच्या मधे बसला, ते टकटकीतून कसं कळणार.

चांदभाई सातवी शिकलेले. अणू हा शब्द त्यांनी बॉम्बच्या संदर्भात तेवढा ऐकला होता. त्यांनी विचारलं की बाई, हे इलेक्ट्रॉन नेमकं करतात तरी काय. नाझनीनने आपल्या परीने सांगितलं. प्रत्येक अणूला आपली बाहेरची ओळ भरून हवी असते. कार्बनला चार कमी पडतात, ऑक्सिजनला दोन, हायड्रोजनला एक. मग दोन अणू शेजारी येतात, एकाने आपला एक पुढे करायचा, दुसऱ्याने आपला एक, आणि ती जोडी दोघांनी मिळून वापरायची. जोडी दोघांचीही. यालाच सहसंयुज बंध म्हणायचं.

"म्हंजी ह्याची एक नाडी, त्याची एक नाडी, आन् मधी गाठ," चांदभाई म्हणाले.

नाझनीनच्या बोटाला गुंडाळलेलं ओढणीचं टोक सुटलं. "हो अब्बा. तसंच."

मग काय विचारता. चांदभाईंनी गिऱ्हाइकांच्या गाद्या बाजूला सारल्या आणि अणू शिवायला घेतले. कार्बनला गादीचं जाड पट्ट्यापट्ट्यांचं कापड, ऑक्सिजनला मखमल, नायट्रोजनला टॉवेलचं खरखरीत, क्लोरीनला रेक्झिन. हायड्रोजन लिंबाएवढा, साटीनचा. आत चांगला पिंजलेला कापूस, आणि बाहेर ज्याला जेवढे कमी तेवढ्या नाड्या. धातूंसाठी त्यांनी गोणपाट निवडलं, पण नाझनीन म्हणाली की धातूंचा भाग अजून वर्गात झाला नाही, ते गोळे सध्या नुसतेच ठेवा, बिननाडीचे. चांदभाईंना ते खटकलं. नाडी नाही असा गोळा म्हणजे बाही नसलेला सदरा, असं काहीतरी ते पुटपुटले, पण त्यांनी ठेवला.

त्यानंतर त्या घरात वेगळाच खेळ सुरू झाला. चांदभाई काउंटरखाली गाठी मारून एक गुंता तयार करायचे आणि मुलीच्या मांडीवर ठेवायचे. ती कापड चोळायची, गाठी चाचपायची, एका गोळ्याकडून दुसऱ्याकडे दोन गाठी गेल्यात का एक हे बघायची आणि नाव सांगायची. नावाचा नियमही तिने समजावला होता. पहिल्याचं नाव जसंच्या तसं, दुसऱ्याच्या नावाला शेवटी आइड लागतो, आणि कोण किती हे पुढे सांगायचं, मोनो, डाय, ट्राय, टेट्रा. कार्बनला चार क्लोरीन बांधले की कार्बन टेट्राक्लोराइड. सकीना भाजी निवडता निवडता म्हणाली की नाव बदलायची वेळ आली की दुसऱ्यानेच बदलायचं, हे तिकडेही आहे म्हणायचं. 

एका दुपारी चांदभाईंनी एका मखमली गोळ्याला दोन साटीनचे बांधून दिले. नाझनीन म्हणाली की नियमाने याला डायहायड्रोजन मोनॉक्साइड म्हणायला हरकत नाही, पण जग याला पाणी म्हणतं. चांदभाईंना हे नाव एवढं आवडलं की पुढचे काही दिवस त्यांनी घरात पाणी मागितलंच नाही. सकीना तांब्या आपटून ठेवायची आणि म्हणायची, घ्या तुमचं ते डाय. पेठेतही ही लागण झाली. गोरक्ष नावाचा ओळखीचा शेतकरी दोन उशा सांगायला आला तर चांदभाईंनी त्याला डाय-उशी पाहिजे का ट्राय-उशी असं विचारलं. गोरक्षने बाहेर जाऊन चार जणांना सांगितलं की चांदभाईंचं काही खरं नाही.

पण नाझनीनचा चेहरा उमलला होता. वर्गात खडूची टकटक सुरू झाली की आता तिच्या डोक्यात गाठी पडायच्या. मॅडमनी प्रश्न विचारला तर ती हात वर करू लागली. चांदभाईंना हे तिच्या मैत्रिणीकडून, तमन्नाकडून कळलं, आणि त्या दिवशी त्यांनी एका गादीत नेहमीपेक्षा जरा जास्तच कापूस भरला.

पुढे वर्गात धातूंचा भाग झाला. जेवताना नाझनीनने त्याविषयी पुष्कळ सांगितलं, पण चांदभाईंच्या कानात त्यातलं एवढंच राहिलं की मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोरीन, आणि हा बंध असा जबर की साध्या चुलीवर मीठ काही वितळत नाही, त्याला भट्टी लागते. बाकीचं ऐकायला ते तिथे नव्हतेच. जबर हा शब्द ऐकल्यापासून त्यांचा हात दाभणाकडे वळला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान रिकामं असताना त्यांनी गोणपाटाचा तो बिननाडीचा गोळा घेतला, रेक्झिनचा एक घेतला, दोघांची पोटं एकमेकांना लावली आणि गादीच्या दुहेरी दोऱ्याने असा काही टाका घातला की दोन बैल दोन बाजूंना जुंपले तरी निघू नये. वरून मेण चोळलं. परीक्षेच्या दिवशी पोरीला अचानक हातात मिळावं म्हणून कुणाला न सांगता सगळे गोळे ठेवलेल्या पोत्याच्या तळाशी घालून ठेवलं.

परीक्षेला ते पोतं चांदभाईंनी स्वतः नेलं. मुलगी पुढे, ते मागे, पोतं खांद्यावर. बिभीषण शिपायाने प्रयोगशाळेच्या दाराशी त्यांना अडवलं आणि मग ओळख पटल्यावर तिथेच उभं राहू दिलं. आत मुलं बाकांवर बसलेली. पोत्यातून रंगीबेरंगी गोळे निघाले तशी मागच्या बाकावर खसखस पिकली, कुणीतरी उशी मिळेल का झोपायला असं विचारलं. मॅडमनी डोळे वटारले. चांदभाई गिऱ्हाइकांच्या बोलण्याला सरावलेले, त्यांना काही वाटलं नाही. नाझनीनची मान मात्र जराशी खाली गेली.

मग तिने सांगायला सुरुवात केली आणि वर्ग गप्प झाला. मॅडम एकेक संयुग सांगत होत्या, ती बांधत होती. अमोनिया, मिथेन, कार्बन डायऑक्साइड. दोन गाठी का, एक का, कुणाचे किती. मॅडम बांधून देत होत्या, ती नाव सांगत होती. चांदभाईंना निम्मं कळत होतं आणि निम्म्यावर नुसता अभिमान वाटत होता. शेवटी मॅडमनी पोत्यात हात घातला, तळाचा तो जोडगोळा बाहेर काढला, उलटसुलट करून पाहिला आणि मुलीच्या हातात दिला. हे काय ते सांग, आणि यांना धरून काय ठेवतं ते सांग.

नाझनीनची बोटं गोणपाटावरून फिरली, रेक्झिनवर आली आणि मधल्या टाक्यावर थांबली. बराच वेळ ती तिथेच थांबली. दारात चांदभाईंना राहवेना, त्यांनी कापसाच्या धुळीने कायमचा बसलेला घसा खाकरला.

"सोडियम क्लोराइड," ती म्हणाली. "दोघांनी एकेक इलेक्ट्रॉन पुढे केलाय. जोडी दोघांची आहे."

मॅडमनी विचारलं, नक्की? ती म्हणाली, हो.

चांदभाईंनी फक्त सोडियम क्लोराइड ऐकलं. पोरीने अचूक ओळखलं, आणखी काय पाहिजे. मॅडमचा चेहरा कसा झाला हे पाहायला ते थांबलेच नाहीत. तडक पेठेत आले, पेढे घेतले, शेजारच्या भांड्याच्या दुकानात दिले, चहावाल्याला दिले, गोरक्ष दिसला नाही म्हणून हळहळले. नाझनीन घरी आली तेव्हा त्यांनी तिच्या तोंडात पेढा भरला. तिने तो हळूहळू खाल्ला, ओढणीने ओठ पुसले आणि म्हणाली, अब्बा, मी आर्ट्स घेते. एवढं बोलून ती आतल्या खोलीत गेली.

घरात एकदम सुतक पडल्यासारखं झालं. सकीनाने आत जाऊन विचारलं, दार लोटून विचारलं, रागावून विचारलं. पोरगी एकच सांगे, मला नाही जमणार. पेढ्यांचा पुडा तसाच उघडा काउंटरवर पडला होता आणि चांदभाईंना त्याच्याकडे बघवत नव्हतं.

दिवस कलायला आला तेव्हा पंकजा मॅडम आपण होऊन दुकानात आल्या. सकीनाने चहा टाकला, तो त्यांनी हातात धरला पण प्यायल्या नाहीत. म्हणाल्या की बाकी सगळं तिने चोख सांगितलं, माझ्या डोळस मुलांनी सांगितलं नाही असं सांगितलं. पण मीठ चुकलं. मिठात वाटून घेणं नसतंच. सोडियमकडे बाहेरच्या ओळीत एकच इलेक्ट्रॉन असतो, तो ते क्लोरीनला देऊन टाकतं. धड्याची दोन टोकं आहेत, वाटून घेणं आणि देऊन टाकणं, आणि त्यातलं एक टोक तिच्या हातातून सुटलं. मग त्यांनी जरा अवघडून विचारलं की तो टाका तुम्हीच घातलात ना.

चांदभाई व्हय म्हणाले.

मॅडम म्हणाल्या, "त्यात तुमचा दोष नाही. पण मला भीती वाटते ती वेगळी. तिला हाताला लागेल तेवढंच खरं वाटणार असेल तर पुढे तिचे हाल होतील. पुढे या विषयात हाताला लागण्यासारखं काहीच नाही." आणि त्या उठून गेल्या.

चांदभाई बराच वेळ दाभणाकडे बघत बसले. आयुष्यभर ज्या गोष्टीचा डौल मिरवला तीच पोरीच्या पायात आली होती. कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. ते उठले, आत गेले आणि नाझनीनच्या शेजारी खाली बसले. गुडघ्यांचा आवाज झाला तशी तिने मान वळवली.

"माझ्यामुळं चुकलं तुझं," ते म्हणाले. "मॅडम सांगून गेल्या. मिठात टाका नसतो म्हनं. मी अडाणी मानूस, मला काय ठाव."

 नाझनीनने त्यांचा हात शोधला, मनगटापासून वर बाहीवर गेली आणि तिथे चिकटलेला पुंजका चिमटीत पकडला. उशांत भरायचा तो नायलॉनचा कापूस. पाऊस सरून हवा कोरडी झाली की तो चांदभाईंच्या कपड्यांना असा चिकटायचा की झटकूनही जायचा नाही.

"अब्बा, हा तुमच्या बाहीला रोज चिकटतो. याला तुम्ही टाका घालता का?"

"न्हाई. त्यो आपला घासून घासून चिकटतो."

"मीठ तसं धरून असतं. सोडियमने एक देऊन टाकला, त्याच्याकडे कमी झालं. क्लोरीनने घेतला, त्याच्याकडे जास्त झालं. कमी आणि जास्त एकमेकांना ओढतात. मधे दोरा नाही, गाठ नाही, काही नाही. आणि जोडीसुद्धा नाही. एका सोडियमच्या सगळ्या बाजूंनी क्लोरीन, एका क्लोरीनच्या सगळ्या बाजूंनी सोडियम. कुणी एकच कुणाचा नसतो. म्हणून तर ते इतकं घट्ट असतं."

 चांदभाईंना समजायला थोडा वेळ लागला. मीठ कसं धरून राहतं हे समजायला नाही, दुसरंच काहीतरी समजायला.

"म्हंजी तुला ठाव हुतं," ते म्हणाले.

तिने मान हलवली.

"मंग तिथं का न्हाई सांगितलंस?"

"तुम्ही दारात होता," नाझनीन म्हणाली. "तुम्ही खाकरलात. मुलं आधीच हसत होती. तुम्ही एवढ्या हौसेने शिवलेलं, आणि मी सगळ्यांसमोर म्हणू का, की अब्बांचं चुकलंय?"

चांदभाई उठले. तिथून बाहेर आले, दुकानाचं शटर खाली ओढलं, परत वर केलं, पुन्हा ओढलं. सकीनाने काय झालं विचारलं तर तिच्यावर खेकसले. राग त्यांना आला होता, पण कुणाचा ते त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. या पोरीसाठी त्यांनी कितीतरी गोष्टी केल्या असतील, पण तिने त्यांच्यासाठी जे केलं त्याच्या पासंगालाही त्यातलं काही पुरलं नसतं, आणि तिने ते कुणाला कळू न देता, तोंडातला पेढा गिळत केलं होतं. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते आवरलंही नाही. सकीना त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

मग ते पुन्हा आत गेले.

"माझी इज्जत काय तुझ्या डोक्यावर ठिवलीया व्हय?" ते म्हणाले. आवाज चढला होता आणि फाटलाही होता. "तुला हाताला लागावं म्हनून मी शिवलं. माझं चुकलं तर मला सांगायचं. तू न्हाई सांगायचं तर आनिक कुनी सांगायचं?"

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुरू व्हायच्या आधीच ते मुलीला घेऊन मॅडमच्या पुढे उभे होते. झालं ते सगळं त्यांनी सांगितलं, काही न लपवता. नाझनीन मधेमधे त्यांची बाही ओढत होती, पण आता त्यांना थोपवणं शक्य नव्हतं. मॅडम ऐकून घेत होत्या. एकदा झालेली परीक्षा पुन्हा घेणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं आणि तसं त्यांनी बोलूनही दाखवलं. पोरीकडे पाहून मात्र त्या म्हणाल्या की ठीक आहे, एकच प्रश्न, तीच जागा, तीच मुलं.

चांदभाई म्हणाले की मग मी फाटकाबाहेर जाऊन बसतो, म्हणजे हिला मोकळं बोलता येईल. ते वळलेसुद्धा. पण नाझनीनने त्यांना थांबवलं.

"तुम्ही कालच्यासारखे दारातच थांबा," ती म्हणाली. "तुमच्यासमोर सांगता आलं तरच खरं."

ते दारात थांबले. आतला वर्ग कालच्याइतकाच भरलेला होता, पण आज कुणी हसत नव्हतं. काहीतरी वेगळं चाललंय हे पोरांना कळलं होतं. मॅडमनी कालपासून तिथेच पडलेल्या पोत्यातून तो जोडगोळा काढला आणि तिच्या हातात दिला. कालचाच प्रश्न विचारला. यांना धरून काय ठेवतं.

नाझनीनने टाक्यावर अंगठा ठेवला. चांदभाईंनी खाकरलं जाऊ नये म्हणून तोंडावर रुमाल धरला होता.

"हे चूक आहे, मॅडम," ती म्हणाली. "हे माझ्या अब्बांनी शिवलंय. टाका पक्का आहे, पण मिठात टाका नसतो."

 तिने कात्री मागितली. दुहेरी दोरा, वर मेण, सहज तुटणारा नव्हताच तो. ती कातरत राहिली, कुणी मदतीला गेलं नाही, मॅडमही नाही. शेवटचा धागा तुटल्यावर तिने एक गोळा डाव्या हातात घेतला, एक उजव्या. सोडियमने काय दिलं, क्लोरीनने काय घेतलं, कुणाकडे काय उरलं ते सांगितलं. सोडियम मी आहे असं समजा, असं म्हणून तिने आपल्या पुढे, मागे, दोन्ही बाजूंना, डोक्यावर आणि पायाशी हात दाखवला, इथे सगळीकडे क्लोरीन. त्यांना बांधायला कुणी नाही. तरी कुणी सुटून जात नाही.

मॅडमनी एकच प्रश्न म्हटलं होतं, पण त्यांना राहवलं नाही. त्यांनी विचारलं की मॅग्नेशियमच्या वाट्याला दोन क्लोरीन येतात, मग त्याला मॅग्नेशियम डायक्लोराइड का म्हणत नाहीत.  नाझनीन म्हणाली की वाटून घेणाऱ्यांचं प्रमाण कधी एक असतं, कधी दुसरंच, म्हणून तिथे कोण किती ते नावात सांगावं लागतं. मॅग्नेशियम दोन देतं आणि दोनच देतं. देणाऱ्याचं ठरलेलं असतं, त्यामुळे ते नावात मोजून दाखवायची गरज नसते.

 पंकजा मॅडमनी चष्मा काढला, साडीच्या पदराने पुसला, परत लावला.

"उद्यापासून प्रॅक्टिकलला पहिल्या टेबलापाशी उभं राहायचं," त्या म्हणाल्या. "काय हाताला लागतं आणि काय नाही, ते आपण दोघी बघू."

दाराबाहेर बिभीषण शिपाई घंटेचा टोला द्यायला निघाला होता. चांदभाईंनी त्याचा दंड धरला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा असा फुलला होता की बिभीषणला वाटलं, यांना लॉटरी लागली.

"ऐकलं का?" चांदभाई त्याला म्हणाले. "माझी पोरगी हाय ती. समद्या वर्गासमोर सांगतीया, माझ्या बापाचं चुकलं म्हनून."